आधी कोपरा निवड, मग विद्यापीठ

ताई,
मी सांखळीजवळच्या एका गावातली. राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करावं आणि परराष्ट्र सेवेत जावं असं मनात आहे. चवथीला सगळं घर जमलं आणि गणपतीवरच्या माटोळीखालीच माझ्यावर बैठक बसली. बाबा म्हणाले, "जगाचं राजकारण शिकून सांखळीच्या बाजारात काय विकणार?" त्यांचे खाणीवर माल वाहणारे दोन टिपर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला. दुसरा अजून आहे, पण फेऱ्या मिळतील तशा. मामाचं म्हणणं, बी.एड. कर, नाहीतर एलडीसीचे, म्हणजे सरकारी कारकुनाचे, फॉर्म भरत राहा. काका म्हणतात, आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला आहे, तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट काढ आणि इंग्लंडमध्ये स्विंडनला चुलत भावाकडे जा. त्यातच राज्याबाहेरच्या एका खासगी विद्यापीठाने मला प्रवेश देऊ केलाय. दोन वर्षांची फी ९ लाख. महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरले तर जागा राखून ठेवतो म्हणतात. माझी प्राथमिक शाळा मराठी. इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना जीभ अडखळते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सांखळी

बाय,

ते ५० हजार भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या बैठकीत सगळ्यांत कामाचा प्रश्न बाबांनी विचारला, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच अंगणात उभं आहे. तो टिपर. कुठल्या वर्षी घेतला, विचार त्यांना. २००४ ते २००८ मधलं एखादं वर्ष सांगतील, असा माझा अंदाज. गोव्याचं खनिज त्याआधी कित्येक दशकं जपानला जात होतं, पण आपल्या डोंगरांतला बराच माल हलक्या प्रतीचा, त्याला गिऱ्हाईक कमी. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली तसा हा हलका मालही खपायला लागला. खाणींच्या कडेला वर्षानुवर्षं पडून असलेल्या टाकाऊ मालाच्या डंपांनाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. मांडवीत बार्जांची रांग, डिचोली-सांखळीच्या रस्त्यावर टिपरांची रांग आणि दारोदारी बँकेचे हप्ते. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. मधे काही काळ सुरू झालं, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाण-लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं.

आता बघ. टिपर घ्यावासा वाटला त्याचं कारण चीनमध्ये होतं, आणि विकावा लागला त्याचं कारण पणजीत नि दिल्लीत. कुठल्या गोष्टीचं कारण कुठे आहे हे सुटं करून सांगता येणं, हे या विषयाचं निम्मं काम. "सगळं चीनमुळे" किंवा "सगळं सरकारमुळे" म्हणणारे तुला प्रत्येक ऑम्लेट-पावच्या गाड्यावर भेटतील. बाबांना यातलं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. विद्यापीठात त्याला आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था म्हणतात आणि त्याचा वेगळा पेपर असतो, एवढंच. तो पेपर घेशील तेव्हा पहिला निबंध या टिपरावर लिही.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. परराष्ट्र सेवेत का जायचंय ते चार ओळींत लिहिलं होतंस (इथे छापताना गाळलंय), पण हा विषय का शिकायचाय त्यावर एक ओळही नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीकडे नंतर येते.

विद्यापीठात या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९१९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला पहिलं अध्यासन सुरू झालं. एवढी माणसं मेली कशी, आणि पुन्हा मरू नयेत म्हणून काय करावं, हा मुळातला प्रश्न. तुझ्या पहिल्या सत्रात सिद्धान्त अंगावर येतील. वास्तववादी म्हणतात, राज्यांच्या वर कोणी पोलीस नाही, तेव्हा जो तो आपली ताकद सांभाळणार. उदारमतवादी म्हणतात, व्यापार, करार, संस्था यांनी राज्यांचं वागणं बदलतं. रचनावादी म्हणतात, शत्रू कोण नि मित्र कोण हे आधी ठरलेलं नसतं, एकमेकांशी वागता-वागता ठरत जातं. एवढं समजायला तीन आठवडे पुरतात. त्यावर लिहिलेलं इंग्रजी समजायला तीन महिने लागतात, आणि त्यात दोष दरवेळी वाचणाऱ्याचा असतो असं नाही.

मराठी वाचणाऱ्याला यातलं काही ओळखीचंही वाटतं. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथातला टोपीकरांवरचा, म्हणजे युरोपीयांवरचा, मजकूर काढून वाच. रामचंद्रपंत अमात्य सांगतात की फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच) हेही सावकारी करतात खरे, पण बाकीच्या सावकारांसारखे नाहीत. यांच्या प्रत्येकाच्या मागे एकेक राज्य आहे. म्हणून यांना समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. द्यायचीच झाली तर आत, किनाऱ्यापासून लांब द्यावी. हा मजकूर १७१५ च्या सुमाराचा. आज एखादं बंदर परदेशी कंपनीला चालवायला द्यायचं का, यावर दिल्लीत दिवसभराचे परिसंवाद होतात, त्यांत याहून फार वेगळं काही बोललं जात नाही. जेवण मात्र चांगलं असतं.

आता माझी एक फजिती सांगते. एम.ए. झाल्यावर दिल्लीत एके ठिकाणी संशोधनासाठी मुलाखतीला गेले होते. सिद्धान्त घोकलेले, कॉटनची कडक साडी, सगळं तयार. समोरच्या वयस्कर बाईंनी फाइल उघडली, "गोव्याच्या का?" म्हणाल्या आणि विचारलं, "१८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव कोणी अडवला?" सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला, मी क्षणात सांगितलं. "विरोधात एकटाच होता का?" मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. ठरावाच्या बाजूने ७ मतं, विरोधात ४. सोव्हिएत संघ, सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे तेव्हाचा इजिप्त, आणि लायबेरिया. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "लायबेरिया का?"

मी गप्प. दर १९ डिसेंबरला शाळेच्या मैदानावर उभी राहून मोठी झालेली मी, पण गोवा मुक्तीची माझी गोष्ट पत्रादेवीच्या सीमेवर सुरू होऊन पणजीत संपत होती. त्याच वर्षी अंगोलात पोर्तुगीजांविरुद्ध उठाव झाला होता आणि तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला होता लायबेरियानेच. त्यांच्या दृष्टीने गोवा आणि अंगोला हा एकच खटला होता. ठरावाच्या बाजूला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान. पोर्तुगाल १९४९ पासून, म्हणजे स्थापनेपासून नाटोत, आणि अटलांटिकातल्या त्यांच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेला विमानतळ हवा असायचा. यातलं काहीच गुप्त नव्हतं, ग्रंथालयात होतं. मी वाचलं नव्हतं, कारण मी "जगाचं राजकारण" शिकत होते आणि गोवा त्यात येतो असं मला कोणी सांगितलं नव्हतं. निवड अर्थातच झाली नाही. परतीच्या गाडीत मडगावपर्यंत लायबेरिया डोक्यात.

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे. "आंतरराष्ट्रीय संबंध" शिकायला जाऊ नकोस. जगाचा एक कोपरा शिकायला जा. अमेरिका, चीन, रशिया यांबद्दल थोडं थोडं येणारी मुलं ढिगाने बाहेर पडतात. त्यांना कोणी शोधत येत नाही. एक प्रदेश किंवा एक प्रश्न, आणि त्याला लागणारी भाषा, एवढं धरलंस तर दोन वर्षांनी तुझ्याकडे दुसऱ्याजवळ नसलेलं काहीतरी असेल.

कुठला कोपरा, हे मी सांगणार नाही. पण तुझ्या जागी असते तर काय बघितलं असतं ते सांगते.

पहिली पोर्तुगीज. आजोबांची भाषा म्हणून हसू नकोस. पोर्तुगीज भाषक ९ देशांची संघटना आहे. तिच्यात ब्राझील आहे, अंगोला, मोझांबिक, पूर्व तिमोर आहे. भारत २०२१ पासून तिचा सहयोगी निरीक्षक. यातला एकटा मोझांबिक घे. आपल्याकडे तुरीची डाळ कडाडली तेव्हा २०१६ मध्ये भारताने त्यांच्याशी डाळींसाठी करार केला. म्हणजे तुमच्या घरच्या आमटीत मोझांबिकचा एक धागा आहे. त्याच देशाच्या उत्तरेला, रोवुमाच्या समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. त्या प्रकल्पात भारताच्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा. २०२१ च्या मार्चमध्ये अतिरेक्यांनी जवळच्या पाल्मा शहरावर हल्ला केला आणि काम कित्येक वर्षं ठप्प झालं. भारतीय करदात्याचे पैसे तिथे अडकले होते, पण त्यावर तिथली वर्तमानपत्रं वाचून लिहू शकणारी माणसं आपल्या देशात बोटांवर मोजण्याएवढी. तुझ्यापासून तासाभरावर, ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचा पोर्तुगीज विभाग आहे, आणि पणजीत बाहेरचे वर्गही चालतात. दिल्लीतल्या मुलीला हे एवढं जवळ नाही.

दुसरा समुद्र. गोव्यात नौदलाचं नेव्हल वॉर कॉलेज आहे आणि २०१७ पासून ते हिंदी महासागरातल्या देशांच्या नौदलप्रमुखांना इथे बोलावून गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्ह भरवतं. वास्कोच्या गोवा शिपयार्डने श्रीलंकेसाठी दोन मोठी गस्ती जहाजं बांधली. २०१७ मध्ये सयुराला, २०१८ मध्ये सिंदुराला. शेजाऱ्याला जहाज का देतात, उधारीवर देतात की रोख, आणि त्याच शेजाऱ्याच्या बंदरात दुसऱ्याचं जहाज येऊन उभं राहिलं की काय होतं, हा सगळा अभ्यासाचा माल. शिवाय आपले तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा ती बातमी साष्टी-बारदेशच्या कित्येक घरांत परराष्ट्र धोरण म्हणून आली नाही, मुलाचा फोन लागत नाही म्हणून आली.

तिसरा फार कोणाला सुचत नाही. मुरगावच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमा तिथून चालतात. अंटार्क्टिका करार १९५९ चा, भारत त्यात १९८३ ला आला. त्या करारात एक गंमत आहे. ज्या देशांनी बर्फावर हक्क सांगितले होते, ते हक्क मान्यही केले नाहीत आणि फेटाळलेही नाहीत, जिथल्या तिथे गोठवून टाकले. उत्तरेला आर्क्टिक परिषदेत भारत २०१३ पासून निरीक्षक आहे आणि २०२२ मध्ये त्याचं स्वतंत्र आर्क्टिक धोरण आलं. बर्फाचे शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. बर्फाच्या राजकारणावर लिहिणारे फार थोडे.

आता मराठी शाळेची भीती. त्यावर तुला हेगची गोष्ट सांगते, ही मला फार आवडते. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे तुला माहीत असेल. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठच दिवसांत, २२ डिसेंबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा घेऊन गेला. दमणहून त्या मुलखात जायला भारतातून वाट मिळालीच पाहिजे, असा दावा. आता, मुळात हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला कसा? तर १७७९ चा पुण्याशी झालेला तह आणि १७८३ नि १७८५ च्या सनदा. मग हेगच्या न्यायाधीशांसमोर मराठी कागदांचा कीस पडला. मराठ्यांनी दिलं ते राज्य होतं की फक्त महसूल? न्यायालयाने म्हटलं, मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांनी मात्र आपल्या वागण्याने पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली, तो भाग वेगळा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात "सरंजाम" हा आपला शब्द रोमन अक्षरांत बसलाय. निकालही बघण्यासारखा आहे: साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हती, आणि भारताने कुठलंच कर्तव्य मोडलेलं नाही. दोन्ही बाजूंना घरी जाऊन "आम्ही जिंकलो" म्हणता यावं असा.

तेव्हा मोडी शिकलीस तर तेही शस्त्रच. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पुराभिलेखात बसून पोर्तुगीज आणि मराठ्यांच्या व्यवहाराचे कागद आयुष्यभर शोधले. पोर्तुगीजांच्या वतीने दरबारोदरबारी जाणारे वकील नि दुभाषी बहुतेक इथलेच हिंदू होते, हे त्यांच्यामुळे कळलं. म्हणजे तुझ्याआधी या धंद्यात तुझ्या गावची माणसं होऊन गेलीत.

इंग्रजी बोलण्याचं म्हणशील तर तू आधी लिहायला लाग. रोज एक बातमी मराठीत वाचायची आणि तिच्यावर इंग्रजीत दीडशे शब्द लिहायचे, कोश उघडा ठेवून. सहा महिने. बोलणं त्याच्या मागून येतं. उच्चारांची काळजी करू नकोस. परराष्ट्र खात्यात निम्म्या देशाचे उच्चार ऐकू येतात.

विद्यापीठं. दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या विषयातलं देशातलं जुनं घर. १९५५ मध्ये सप्रू हाऊसमध्ये वेगळी संस्था म्हणून सुरू झालं, १९७० मध्ये जेएनयूत आलं. प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून. तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला निघतात, तेव्हा आतापासून संकेतस्थळावर लक्ष ठेव. फी नाममात्र, खर्च दिल्लीत राहण्याचा. त्याच शहरात साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, सार्कच्या देशांनी मिळून २०१० मध्ये काढलेली. तिथे वर्गात शेजारी नेपाळचा नि बांगलादेशचा मुलगा बसतो, आणि सीमेच्या पलीकडून आपला देश कसा दिसतो ते चहाच्या टपरीवर कळतं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ पासूनचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग. तुझा कल समुद्राकडे गेला तर तो बघ, आणि पुणे तुला परकं वाटणार नाही.

आणि ताळगाव. गोवा विद्यापीठात स्कूल ऑफ इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज आहे, तिथे या विषयात एम.ए. करता येतं. प्रवेश विद्यापीठाच्याच जीयू-आर्ट परीक्षेतून. "घरचंच आहे" म्हणून नाक मुरडू नकोस. पोर्तुगीज हा तुझा कोपरा ठरला तर दिल्लीपेक्षा हे बरं, असं माझं मत आहे, कारण भाषा, पुराभिलेख आणि पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय, सगळं एका कदंबा बसच्या पासावर. उणी बाजू अशी की दिल्लीत रोज संध्याकाळी कोणी ना कोणी राजदूत कुठेतरी फुकट व्याख्यान देतो. इथे तुला ते हाताने शोधावं लागेल. जेएनयू मिळालं तर जा. नाही मिळालं तर ताळगाव. ९ लाखांचं तिसरं नाव या यादीत नाही, आणि ते विद्यापीठ वाईट आहे म्हणून नव्हे. या विषयात पहिल्या नोकरीचा पगार इतका बेताचा असतो की तो कर्जाचा हप्ता तुला तुझ्या कोपऱ्यातून उपटून भलत्याच नोकरीत नेऊन टाकेल. तुमच्या घराने टिपरांचे हप्ते बघितलेत. बाबांना हे मी समजावायला नको. आणि महिनाअखेरची घाई लावून पैसे मागणाऱ्याकडे जागा भरपूर असतात.

पदवीचं नेमकं नाव मात्र तपासून घे. गोव्यात कॉलेजच्या जागेची जाहिरात बहुतेक वेळा राज्यशास्त्राची निघते. तुझ्या प्रमाणपत्रावर वेगळं नाव असलं की छाननीच्या टेबलावर वाद होतात. "हे संबंधित विषयात येतं" हे दाखवणारा कागद प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेव. नेट राज्यशास्त्रातूनही देता येते आणि आंतरराष्ट्रीय आणि प्रादेशिक अभ्यास या वेगळ्या विषयातूनही. शिकवायचं असेल तर राज्यशास्त्रातून दे. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडीला महिना ३७ हजार रुपये मिळतात, आणि मामाही जरा वेळ गप्प बसेल.

परराष्ट्र सेवा. त्यासाठी एम.ए. लागत नाही. कुठल्याही शाखेची पदवी, वय २१ ते ३२, खुल्या गटाला सहा संधी, आणि सगळ्या देशाला मिळून वर्षाला काही डझन जागा. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, हे तुझ्या कॉलेजात कोणी सांगितलं नसेल. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतलास तर एम.ए.चा अभ्यास उपयोगी पडतो, पण एम.ए. म्हणजे त्या परीक्षेचा क्लास समजून दोन वर्षं काढलीस तर धड ना ते धड ना हे. माझा सल्ला: एम.ए. मनापासून कर, शोधनिबंध नीट लिही, मग दोन वर्षं परीक्षेला दे. जमलं नाही तर हातात कोपरा असेल. नुसतीच परीक्षा दिलेल्या मुलांच्या हातात तीस वर्षांचं वय असतं, आणि मी असे फार बघितलेत.

मधल्या काळात परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप असते, पदवीधरांना, महिना १० हजार मानधन. अर्ज कर. दिल्लीत मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेली संरक्षण अभ्यासाची संस्था आहे, मुंबईत गेटवे हाऊस ही परराष्ट्र धोरणाची अभ्याससंस्था आहे; अशा ठिकाणी सुरुवातीला टिपणं काढायची, तक्ते भरायचे, दुसऱ्याच्या लेखाच्या तळटीपा लावायच्या असतात. म्हणून आकडेवारी हाताळायला शीक. व्यापाराचे आकडे कुठून काढायचे आणि एक्सेलमध्ये कसे मांडायचे, एवढं येणारा सहायक तिथे सगळ्यांना हवा असतो.

काकांचा पासपोर्ट. तुझ्या काकांना वाईट वाटेल, पण हे स्पष्ट लिहिते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की भारताचं जातं, आणि परराष्ट्र सेवेला भारतीय नागरिकच लागतो. "लिस्बनला नुसती जन्मनोंद करून ठेवू, पासपोर्टचं नंतर बघू" असंही कोणी एजंट सांगेल. चांगल्या वकिलाला विचारल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नकोस. चुलत भावाचा निर्णय त्याच्या जागी बरोबर असेल. त्याला फोन करून ब्रेक्झिटनंतर तिथे काय बदललं ते मात्र विचार आणि लिहून घे. स्विंडनमधला गोवेकर हासुद्धा एक शोधनिबंध आहे.

तुझ्या काकांना आणखी एक सांग. ज्या देशाचा पासपोर्ट ते म्हणताहेत, त्याने गोवा भारताचा आहे हे १९७४ पर्यंत मान्यच केलं नव्हतं. एप्रिलमध्ये लिस्बनला क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. त्यांच्याकडून मारिओ सोआरेस, आपल्याकडून तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. काकांना हे नाव तरी ओळखीचं असेल.

मामाच्या बी.एड.ला माझा विरोध नाही. मी जन्मभर शिकवलंच. फक्त ते एम.ए.नंतरही करता येतं. एलडीसीचा फॉर्म मात्र भर; परीक्षा देण्यात काही जात नाही, आणि घरात वर्षभर शांतता राहते.

आता या महिन्यात करायचं ते एवढंच: खासगी विद्यापीठाला नकार कळव, सीयूईटीची जुनी प्रश्नपत्रिका काढून एकदा घड्याळ लावून सोडव, आणि पणजीला पोर्तुगीजच्या वर्गाची चौकशी कर. आणि टिपर कुठल्या वर्षी घेतला ते बाबांना विचारून मला लिही. माझा अंदाज चुकला असेल तरी लिही.